कुलूप, किल्ली आणि शेजारधर्म

— एक वसतिगृहवासी विद्यार्थी, द्वितीय वर्ष, कला

आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयाबाहेर एक सूचनाफलक आहे. त्यावरचे कागद येतात नि जातात. कधी मेसचे बिल, कधी परीक्षेचे वेळापत्रक, कधी 'उद्या पाणी येणार नाही'. परंतु फलकाच्या वर एक पाटी मात्र कायमची आहे. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले आहे : 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली स्वतःची आहे. चोरी अथवा नुकसान झाल्यास वसतिगृह जबाबदार राहणार नाही.'

प्रवेशाच्या दिवशी माझे वडील मला सोडायला आले होते. त्यांना वाचता येत नाही. म्हणून ती पाटी मी त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बराबर हाय. आपलं आपुन संभाळावं." आणि एस. टी. ला बसण्यापूर्वी बाजारातून एक पितळी कुलूप आणून त्यांनी माझ्या हातात ठेवले. त्या वेळी मलाही ती पाटी बरोबर वाटली होती. आज दोन वर्षांनी ती मला अर्धीच बरोबर वाटते. उरलेल्या अर्ध्याविषयी लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपण पहिलेच आहोत. आमचे गाव बीड जिल्ह्यात. दसरा-दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर घराला कुलूप असते आणि म्हातारी आजी चुलत्यांकडे असते. अशा मुलाचे वसतिगृहातले सामान ते किती? एक पत्र्याची पेटी, एक गादी, दोन जोड कपडे, थोडी पुस्तके, आणि गावच्या ओळखीच्या दुकानातून हप्त्याने घेतलेला मोबाईल. चोराने न्यावे असे त्यात फारसे काही नाही, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण माझ्या पेटीत एक प्लास्टिकची फाईल होती. दहावी-बारावीची गुणपत्रके, जातीचा दाखला, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, आणि माझ्या चुलत आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा एक जुना उतारा. आमच्या घराण्यात त्या काळी शाळेत गेलेले ते एकटेच, आणि तेही दुसरीत शाळा सोडून गुरांमागे गेले. पण त्यांचे नाव शाळेच्या दप्तरात राहिले, म्हणून पुढे माझा जातीचा दाखला निघू शकला. तो उतारा मिळवण्यासाठी वडिलांनी तीन दिवसांची मजुरी बुडवली होती.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी ही फाईल चोरीला गेली.

चोरी कशी झाली हे सांगताना प्रथम माझी चूक सांगितली पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हणून फाईल मी पेटीतून काढून खांद्याच्या पिशवीत ठेवली होती. पिशवी कॉटवर टाकली. त्याच पिशवीत मेसचे आठशे रुपये होते. आम्ही चौघे एका खोलीत, कुलूप एक, किल्ल्या दोन. तेव्हा एक किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवण्याची आमची पद्धत होती. ही पद्धत आम्हा चौघांना ठाऊक होती, आणि जिन्यावरच्या निदान चाळीस जणांनाही ठाऊक होती. रात्री नाटक संपवून आलो तेव्हा कुलूप जागेवर, किल्ली जागेवर, पिशवी नाही.

पैसे गेल्याचे दुःख झाले, पण फाईल आठवली तेव्हा पायांतले बळच गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली होती. दहावीच्या गुणपत्रकाची दुय्यम प्रत काढायची तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज. दाखल्यासाठी तहसील आणि सेतू. दोन्हींसाठी आधी पोलीस ठाण्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र. घराला कुलूप, वडील दोनशे कोसांवर उसाच्या फडात. त्यांना फोन करायचेही धैर्य झाले नाही.

पण या लेखाचा विषय माझे कागद नाहीत. त्यानंतर जे झाले तो आहे.

सकाळी व्हरांड्यात वीस-पंचवीस मुले जमली. चोर कोण, याची चर्चा सुरू झाली. पहिल्या पाच मिनिटांतच एक नाव पुढे आले. आमच्या मजल्याची झाडलोट करणाऱ्या मावशींचे. कारण काय, तर 'त्या सगळ्या खोल्यांत जातात'. दुसरे नाव शेवटच्या खोलीतल्या एका मुलाचे आले. कारण काय, तर त्याचे मेसचे बिल दोन महिने थकले होते. चौकटीवरची किल्ली ठाऊक असलेले ते बाकीचे चाळीस जण कोणाच्याच ध्यानात आले नाहीत. दुपारी मावशी घरी निघाल्या तेव्हा फाटकावर त्यांची पिशवी उघडायला लावली. पिशवीत डबा, एक जुनी साडी आणि मेसमधून मिळालेल्या चार शिळ्या पोळ्या निघाल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. पिशवी भरली नि गेल्या. शेजारी मी उभा होतो. तक्रार माझी होती, तेव्हा 'राहू द्या' म्हणण्याचा अधिकारही माझाच होता. मी काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी फाईल सापडली. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कोणी फेकून दिली होती. पैसे काढून घेऊन कागद टाकून दिलेले. टाकीच्या गळतीने निम्मे कागद भिजले होते. ती फाईल मावशींनाच सापडली. त्यांनी एकेक कागद सुटा करून गच्चीवर उन्हात वाळत घातला, वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला, आणि दुपारी मला हाक मारली. म्हणाल्या, "लेकरा, मला वाचता येत नाही. पण ह्यावर तुझा फोटो दिसला. बघून घे, समदी हायेत का." सगळे कागद होते. माझा अर्ज मुदतीत गेला.

चोर कोण होता ते आजवर कळलेले नाही. कळेलसे वाटतही नाही. परंतु आमच्या वसतिगृहातून त्या आठवड्यात आठशे रुपयांपेक्षा मोठी एक गोष्ट चोरीस गेली, आणि ती चोरणाऱ्यांत मी होतो, असे मला वाटते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कारण नुसता पश्चात्ताप करून पेटी सुरक्षित होत नाही.

पहिली गोष्ट कुलपाची. आपण भारी कुलूप आणतो, पण ते ज्या कोयंड्यात अडकवायचे तो कोयंडा पाहत नाही. आमच्या मजल्यावरील कित्येक दारांच्या कोयंड्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूने उघडे आहेत. चार आण्याच्या पेचकसाने अख्खा कोयंडा कुलपासकट हातात येतो. तिथे आरपार बोल्ट आणि आतून नट असेल तरच कुलपाला अर्थ. दुसरे, जितके राहणारे तितक्या किल्ल्या. चौकट, पायपुसणे आणि चपलांचा कोनाडा या किल्ली ठेवण्याच्या जागा नव्हेत. तिसरे, खोलीला कुलूप असले तरी पेटीला वेगळे असावे. त्यात शेजाऱ्याचा अपमान नाही. उलट आपली वस्तू हरवली असता खोलीतल्या मित्रावर संशय घेण्याचा प्रसंगच येत नाही. वेगळे कुलूप हे मैत्री टिकवण्याचेच साधन आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. मूळ कागद वसतिगृहात ठेवूच नयेत, असे सांगणारे सांगतात. परंतु ज्याच्या घराला सहा महिने कुलूप असते त्याने ते कोठे ठेवावेत? म्हणून मी आता असे करतो. मूळ कागद पेटीच्या तळाशी, दुहेरी प्लास्टिकमध्ये. रोजच्या कामाला साक्षांकित छायाप्रती. सर्वांचे फोटो काढून स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवले आहेत. मोबाईल गेला तरी ते राहतात. शिवाय केंद्र सरकारच्या 'डिजिलॉकर'मध्ये आधार आणि आपल्या मंडळाची गुणपत्रके उतरवून घेता येतात. पुष्कळ मुलांना हे ठाऊक नसते, कारण घरी सांगणारे कोणी नसते. प्रवेशाच्या दिवशीच हे काम करून देण्याचे वरच्या वर्गातील मुलांनी मनावर घेतले, तर एका दुपारी दोनशे मुलांचे होईल.

तिसरी गोष्ट मोबाईलची. प्रत्येक मोबाईलला पंधरा आकडी 'आयएमईआय' क्रमांक असतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की तो दिसतो. तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा. मोबाईल गेला तर पोलीस ठाण्यात तक्रार करून तिच्या प्रतीसह दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर (ते २०२३ च्या मे महिन्यात सुरू झाले) हा क्रमांक नोंदवला, की तो हॅंडसेट देशभर बंद पाडता येतो. बँकेचे खाते मोबाईलला जोडलेले असेल तर प्रथम सिमकार्ड बंद करावे, आणि पैसे गेल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि पोलीस ठाण्यात जाण्यास भिऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत देणाऱ्याला विनामूल्य मिळते. 'हे आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर आता कायद्याला मान्य नाही.

चौथी गोष्ट विजेची. सामानाची राखरांगोळी चोरापेक्षा आगीने लवकर होते, हे आपण विसरतो. हिवाळ्यात आमच्याकडे खोलीखोलीत पाणी तापवायचे रॉड लागतात. विज्ञान शाखेच्या एका मित्राने मला हिशेब करून दाखवला. दीड हजार वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतो. आपल्या भिंतीवरचे लहान सॉकेट सहा अँपिअरचे. त्यावर स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच बोर्डावर दोन मोबाईल आणि एक इस्त्री! वायर गरम होते, तिचे आवरण वितळते, आणि शेजारी गादी असते. रेक्टर सरांनी रॉड जप्त करण्याची मोहीम दोनदा काढली. ते योग्यच केले. परंतु सरांविषयी पूर्ण आदर राखून एक विचारावेसे वाटते : स्नानगृहातला गिझर गेल्या दोन हिवाळ्यांत किती दिवस चालू होता? पहाटे थंड पाण्याला भिणारा मुलगा जप्तीनंतर नवा रॉड आणतो, आणि या खेपेस तो कॉटखाली लपवून वापरतो. म्हणजे धोका कमी न होता दृष्टीआड होतो. मनाई करणाऱ्याने सोयही केली पाहिजे.

आता अधिक गंभीर विषयाकडे वळतो. २०२३ च्या जून महिन्यात मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. ती विदर्भातून शिकायला आलेली, आपल्याच वयाची होती. वसतिगृहात पहाऱ्याचे काम करणाऱ्या माणसावर संशय होता. त्याचे प्रेत त्याच दिवशी लोहमार्गावर मिळाले. ही बातमी वाचून आमच्या वर्गातील कितीतरी मुलींच्या घरून 'परत ये' असे फोन आले होते, असे त्यांनी मला सांगितले.

मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे एकच उपाय सुचतो. फाटक लवकर बंद करा. मुलांचे फाटक दहाला, मुलींचे सातला. त्यामुळे ग्रंथालयाची रात्रीची अभ्यासिका मुलींसाठी जवळजवळ बंदच आहे. पण मुंबईतला तो धोका फाटकाबाहेरून आलेला नव्हता. मग सातच्या कुलपाने कोणाला बाहेर ठेवले आणि कोणाला आत कोंडले? खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी, जिन्यात दिवा, मजल्यावर राहणारी एक जबाबदार स्त्री, आणि 'मला या माणसाची भीती वाटते' असे मुलीने सांगितले तर ते त्याच दिवशी ऐकून घेणारे कोणीतरी, या गोष्टी फाटकाच्या वेळेपेक्षा अधिक उपयोगाच्या आहेत.

येथे कोणी म्हणेल, "पाहा, धोका कामगाराकडूनच निघाला ना! मग मावशींची पिशवी तपासली तर काय बिघडले?" हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. माझे उत्तर असे. नियम आणि संशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामावर ठेवताना प्रत्येकाची पोलिसांकडून पडताळणी करणे, खोलीत कोणी केव्हा जावे याची वेळ ठरवणे, येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद ठेवणे, हे नियम झाले. ते गुन्ह्याच्या आधी होतात आणि सर्वांना सारखे लागतात. कामगारांना, विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना आणि पदाधिकाऱ्यांनाही. संशय मात्र गुन्ह्यानंतर जागा होतो आणि उताराचे पाणी जसे सखल जागी जाते तसा गरिबाकडे वळतो. मावशींची पिशवी उघडली. त्याच दिवशी फाटकातून बाहेर पडलेल्या सव्वाशे मुलांपैकी एकाचीही उघडली नाही. हे सुरक्षिततेचे काम नव्हते. आम्हाला आमचा राग कोठेतरी ठेवायचा होता, तो आम्ही त्यांच्या पिशवीत ठेवला.

कायदासुद्धा याबाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या जागेतील चोरी गंभीर मानली आहे. कलम ३०५ प्रमाणे तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु त्याच संहितेच्या कलम ३०३ मध्ये साध्या चोरीच्या बाबतीत असेही म्हटले आहे, की वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्यालाही कायदा एक वाट ठेवतो. आणि आपण, ज्याच्यावर काहीच शाबीत नाही त्याची पिशवी फाटकावर उलटी करतो!

महाराष्ट्रात वसतिगृहे कशासाठी निघाली, हे थोडे आठवावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहांना आधार दिला. खेड्यातल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा नाही, म्हणून त्याचे शिक्षण अडते, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. ते चालवताना पैशांची ओढाताण झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडून मुलांच्या पोटाची सोय केली. परक्या मुलांच्या भाकरीसाठी आपले सोने देणाऱ्या माणसांनी ज्या संस्थांचा पाया घातला, त्यांच्या दारावर 'आम्ही जबाबदार नाही' ही पाटी शोभत नाही, असे मला नम्रपणे वाटते.

मग काय करावे? नुसती टीका करणे सोपे असते, म्हणून चार सूचना मांडतो. प्रत्येक दाराचे कोयंडे आणि आतल्या कड्या सत्र सुरू होण्यापूर्वी तपासाव्यात. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारा आणि हिवाळ्यापूर्वी गिझर. चोरीची तक्रार आली की कार्यालयाने ती वहीत लिहून घ्यावी आणि वस्तू मोलाची असेल तर कोणीतरी जबाबदार व्यक्तीने मुलासोबत पोलीस ठाण्यात जावे. कारण पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढणाऱ्या खेड्यातल्या मुलाचे तोंडच उघडत नाही. कोणाचीही पेटी किंवा पिशवी आपल्या मनाने उघडू नये; झडती हे पोलिसांचे काम आहे. आणि नव्या मुलांना रॅगिंगविरोधी मदतीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक व संकटकाळचा ११२ हा क्रमांक, मेसच्या वेळापत्रकाबरोबरच पहिल्या दिवशी द्यावा.

यांतील पुष्कळशा गोष्टींना फारसा खर्च नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय तर आपल्याच हातात आहे. शेजारची खोली उघडी दिसली तर आत डोकावून 'कोण आहे?' असे विचारणे. गावाकडे शेजारी शेतावर गेला की त्याच्या दारावर आपली नजर असते. त्यासाठी कोणी पाटी लावत नाही. गावातले सगळेच काही चांगले नसते, पण तेवढी एक गोष्ट येताना आपण पेटीत घालून आणायला हवी होती.

निळी पाटी बदलायची झाली तर तिच्यावर एवढे लिहावे, असे सुचवतो : 'आपल्या सामानाची काळजी घ्या; शेजाऱ्याच्याही घ्या. काही गेल्यास प्रथम आम्हाला सांगा.'

शेवटी एक सांगतो. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मावशींची माफी यातूनच मागावी असे मनात होते. पण त्यांना वाचता येत नाही, आणि न वाचणाऱ्याची माफी छापून मागणे म्हणजे स्वतःचीच समजूत काढणे झाले. म्हणून गेल्या महिन्यात जिन्यावर त्यांना गाठले आणि जमेल तसे बोललो. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "आता कागदं कुठं ठेवतोस?" मी सांगितले. "बरं केलंस," म्हणाल्या आणि झाडू उचलला.

आमच्या खोलीशी त्या रोज येतात. पण आत कोणी नसले तर अजूनही उंबरा ओलांडत नाहीत. दारात उभ्या राहून आमच्यापैकी कोणी येईपर्यंत वाट पाहतात.